ग्रंथालयाच्या संगणकाची फाइलप्रणाली दुरुस्ती: नऊ दिवसांच्या नोंदी

रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीसाठी एकच संगणक आहे. त्यावर डेबियन 11 ही कार्यप्रणाली, कोहा ही ग्रंथालय-प्रणाली आणि तिची माहिती साठवणारा मारियाडीबी 10.5 हा सर्व्हर आहे. हार्ड डिस्क 500 जीबीची असून फाइलप्रणाली, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, एक्स्ट4 होती. ही मांडणी मी 2021 मध्ये हौसेने करून दिली होती, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतील बहुतेक माझ्याच आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रावर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकायच्या.

रविवार, 14 जुलै 2024

सकाळी ग्रंथपाल ताईंचा फोन आला की संगणक सुरू होत नाही आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी येऊन थांबतात. आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाच ते सातच्या दरम्यान पावसात वीज चार वेळा गेली होती. यूपीएसची बॅटरी साडेचार वर्षांची झालेली असल्याने ती एकदा शिट्टी वाजवून लगेच मान टाकत असे, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. त्यात भर म्हणजे ताईंना बटणासाठी टेबलाखाली वाकावे लागू नये म्हणून वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशी सोय मीच बायोसमध्ये करून ठेवली होती. परिणामी यंत्र वीज येताच उठले, फाइलप्रणाली सावरायला लागले आणि ते काम पुरे होण्याआधीच पुन्हा बंद पडले; हे एकदा नव्हे, ओळीने घडले.

पडद्यावर ‘अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी’ असा इशारा, एफएससीके (फाइलप्रणाली तपासून दुरुस्त करणारे साधन) हाताने चालवा अशी सूचना आणि खाली इनिट्रॅमएफएसचा, म्हणजे मुख्य यंत्रणा सुरू होण्याआधीच्या तात्पुरत्या वातावरणाचा, कंस दिसत होता. अशा वेळी बहुतेक जण जे करतात तेच मीही केले आणि ‘एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए1’ ही आज्ञा दिली. ‘-वाय’ म्हणजे विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर. पहिल्याच टप्प्यात एक ब्लॉक (डिस्कवरील 4096 बाइटांचा तुकडा) वाचता येत नसल्याची ओळ आली, पाठोपाठ ‘इग्नोअर एरर? होय’ आणि ‘फोर्स रीराइट? होय’ हे दोन प्रश्नोत्तर माझ्या डोळ्यांदेखत सरकून गेले. या दुसऱ्या ‘होय’चा अर्थ असा, की जो ब्लॉक वाचता आला नाही त्यावर त्या क्षणी स्मृतीत जे काही असेल ते लिहून टाकावे. दुरुस्ती संपेपर्यंत मला त्याचे गांभीर्य कळले नाही. दुसऱ्या टप्प्यात ‘अमुक नावाच्या फाइलचा आयनोड वापरात नाही, नोंद काढू? होय’ अशा ओळींची रांग लागली (आयनोड म्हणजे फाइल डिस्कवर कुठे आहे वगैरे सांगणारी तिची नोंद), तेव्हा सवयीने मोबाइलवर पडद्याचे चार फोटो काढले. त्या दिवशी हातून घडलेली शहाणपणाची गोष्ट एवढीच.

काम संपल्यावर यंत्र नीट सुरू झाले, लॉगिन झाले आणि मी ताईंना ‘झाले’ असे सांगूनही टाकले. मग कोहा उघडेना, कारण मारियाडीबी सुरू होत नव्हता. माहितीच्या फोल्डरमधून देवघेवीच्या तक्त्याची फाइलच नाहीशी झालेली होती. काय झाले ते पाहत मी यंत्र आणखी पंचवीस मिनिटे चालू ठेवले. ही दुसरी चूक होती, कारण फाइली मोकळ्या झाल्याने रिकाम्या ठरलेल्या जागांवर चालू यंत्र नव्या नोंदी लिहीत राहते. शेवटी डोके ठिकाणावर आले आणि तार काढली.

मग बॅकअप शोधला. कोहाची दैनिक बॅकअप योजना पॅकेजसोबतच येते आणि ती ‘क्रॉन’ या ठरल्या वेळी कामे करणाऱ्या सोयीच्या दैनिक कामांतून चालते. डेबियनमध्ये ही कामे, अ‍ॅनाक्रॉन (यंत्र बंद असताना राहिलेली कामे ते सुरू झाल्यावर करणारा प्रोग्राम) बसवलेला नसेल तर, सकाळी 6 वाजून 25 मिनिटांनी होतात. ग्रंथालय आठला उघडते. म्हणजे संगणक त्या वेळी कधीच चालू नव्हता, आणि तीन वर्षांत एकही दैनिक बॅकअप झालेला नव्हता. हाती होता तो 31 मार्चला पुस्तकांच्या वार्षिक मोजणीच्या वेळी पेन ड्राइव्हवर घेतलेला.

सोमवार, 15 जुलै

डिस्क काढून घरी आणली. 3.5 इंची डिस्क यूएसबीने जोडण्यासाठी स्वतंत्र वीजपुरवठा असलेला डॉक लागतो. तो आणि 1 टीबीची बाहेरची डिस्क रत्नागिरीहून मागवण्यात दिवस गेला.

दरम्यान ‘स्मार्टसीटीएल -ए’ने डिस्कची प्रकृती पाहिली. वर ठळकपणे ‘पास्ड’ असा निकाल होता, पण खाली 197 क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरांच्या रकान्यात, 8 हा आकडा होता. या डिस्कचा प्रत्यक्ष सेक्टर 4096 बाइटचा असून मोजणी 512 च्या हिशेबाने होते, म्हणून 8 चा अर्थ एक खराब सेक्टर. दुरुस्तीच्या आधी हा आकडा किती होता ते मी पाहिलेच नव्हते, आणि वाचता न आलेल्या ब्लॉकवर पुन्हा लिहिले की तो या मोजणीतून निघून जातो. एका ओळीची ही तपासणी रविवारी आधी केली असती तर ‘-वाय’ला हात लावला नसता.

रात्री दुसरा हिशेब चुकला. एक मूळ प्रत आणि एक कामाची प्रत 1 टीबीत बसेल असे मी गृहीत धरले होते. 500 जीबीच्या या डिस्कवर 500,10,78,62,016 बाइट आहेत. त्याची दुप्पट नव्या डिस्कच्या एकूण क्षमतेपेक्षाही सुमारे एक कोटी बाइटांनी जास्त भरते. आणखी खर्च करण्याची तयारी नव्हती, म्हणून वेगळा मार्ग काढला. तो बुधवारच्या नोंदीत आहे.

मंगळवार, 16 जुलै

डीडीरेस्क्यूने डिस्कची बिट न् बिट प्रत काढायला घेतली. पहिली फेरी ‘-एन’ लावून केली, ज्यात खराब जागा उगाळत न बसता आधी चांगला भाग उचलला जातो. पहिला तास मी लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी 2 खाचेत डॉक लावून घालवला. वेग सेकंदाला 33 एमबीच्या पुढे जाईना, म्हणजे एकूण सव्वाचार तास लागणार होते. खाच बदलल्यावर वेग तिपटीच्या आसपास गेला.

दुपारी वीज गेली आणि डॉक बंद पडला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. डीडीरेस्क्यूला तिसऱ्या नावाने मॅपफाइल दिलेली असेल तर कुठवर वाचून झाले याची नोंद त्यात राहते. तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर काम सोडल्या जागेपासून सुरू झाले. ही फाइल न देता प्रत काढणे म्हणजे पावसाळ्यात छत्रीविना निघणे. त्यानंतर डॉकची तार घरच्या इन्व्हर्टरवर जोडली, जी आधीच जोडायला हवी होती.

दुसऱ्या फेरीत ‘-डी -आर3’ लावून खराब जागा तीनदा वाचून पाहिली. शेवटी नेमके 4096 बाइट वाचायचे राहिले. बाकी सारी डिस्क हाती आली.

बुधवार, 17 जुलै

आषाढी एकादशीची सुटी असल्याने पूर्ण दिवस मिळाला.

जागेच्या अडचणीवर उपाय असा केला: काढलेली प्रत केवळ वाचण्यापुरती ठेवली आणि ‘क्यूईएमयू-आयएमजी’ने तिच्यावर क्यूकाऊ2 प्रकारचा एक पातळ थर तयार केला. ‘क्यूईएमयू-एनबीडी’ने हा थर डिस्कसारखा जोडता येतो, आपण जे बदल करू ते थरात जातात आणि खालची प्रत जशीच्या तशी राहते. प्रयोग फसला तर थर पुसून दुसरा करायचा. दिवसभरात मी असे पाच थर पुसले आणि त्यांतला सर्वांत मोठा एक जीबीचाही नव्हता.

आधी न वाचलेले 4096 बाइट कोणाचे होते ते पाहिले. मॅपफाइलमधील स्थानाला 4096 ने भागले, त्यातून विभागाच्या सुरुवातीचे 256 ब्लॉक वजा केले, तेव्हा ब्लॉक क्रमांक 4,42,99,713 निघाला. ‘डीबगएफएस’ या फाइलप्रणालीच्या आत डोकावण्याच्या साधनामध्ये ‘आयचेक’ला हा क्रमांक दिला की आयनोड कळतो, आणि तो ‘एनचेक’ला दिला की फाइलचा पत्ता. ती 1978 सालच्या एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाची स्कॅन केलेली प्रत होती. अंक कपाटात आहे, तेव्हा पुन्हा स्कॅन करता येईल. एफएससीकेला या खराब जागेचा पत्ता लागला नव्हता यात नवल नाही, कारण ते फाइलींच्या आतील मजकूर वाचत नाही. ते फक्त याद्या, नकाशे आणि दुवे यांचा मेळ घालते.

खरा प्रश्न होता रविवारी पुसल्या गेलेल्या ब्लॉकचा. मोबाइलच्या फोटोंत ‘इश्यूज’ या देवघेवीच्या तक्त्याच्या फाइलसमोर आयनोड क्रमांक 15,79,043 दिसत होता. ‘डीबगएफएस’च्या ‘आयमॅप’ने तो कोणत्या ब्लॉकमध्ये राहतो ते सांगितले. त्या ब्लॉकमध्ये डोकावले तर आत केवळ शून्ये होती. या फाइलप्रणालीत एक आयनोड 256 बाइटांचा असतो, म्हणून 4096 च्या एका ब्लॉकमध्ये असे सोळा मावतात. येथे ते 15,79,041 ते 15,79,056 होते. एका फोल्डरमधील फाइलींचे आयनोड एक्स्ट4 शक्यतो जवळजवळ ठेवते, त्यामुळे एक सेक्टर गेला तर नुकसान विखुरत नाही, एकाच घरावर कोसळते. येथे ते घर माहितीच्या फोल्डरचे होते.

सकाळचे तीन तास मी तक्त्यांची पाने कच्च्या डिस्कवरून वेचून काढण्याच्या साधनांत घालवले आणि हाती नावानिशाणी नसलेला ढिगारा आला. जेवताना सुचले की एक्स्ट4 च्या जर्नलमध्ये बदललेल्या रचनेचे ब्लॉक संपूर्णच्या संपूर्ण लिहिले जातात. जर्नल गोल फिरणाऱ्या वहीसारखे असते. पान मूळ जागी उतरवून झाले तरी त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तेथेच राहतो. देवघेवीच्या तक्त्यांचे आयनोड तर दिवसातून शेकडो वेळा बदलतात, तेव्हा त्यांची एखादी प्रत तेथे सापडायला हवी.

‘डीबगएफएस’मध्ये ‘लॉगडम्प -ओ -बी’ आणि पुढे ब्लॉक क्रमांक अशी आज्ञा दिली. ‘-ओ’ मोठ्या लिपीतला असून त्यानेच जुन्या, हिशेब मिटलेल्या नोंदीही दिसतात. तो न लावल्याने पहिल्या वेळी काहीच आले नाही आणि मी निराश होऊन अर्धा तास दुसरीकडे भटकलो. लावल्यावर त्या ब्लॉकचे सात उल्लेख निघाले. जर्नलचा आयनोड क्रमांक 8 असतो, म्हणून ‘बीमॅप’ला आठ आणि जर्नलमधील स्थान देऊन डिस्कवरील जागा काढली आणि सर्वांत अलीकडची प्रत ‘डीडी’ने उचलली. त्यात सोळापैकी बारा आयनोड भरलेले होते आणि तारीख शनिवारची दुपारची होती. रविवारी यंत्र पंचवीस मिनिटांऐवजी दिवसभर चालू ठेवले असते तर ही पाने नव्या नोंदींखाली गेली असती.

उचललेला ब्लॉक थरावरील मूळ जागी लिहिला. येथे ‘कॉन्व्ह=नोट्रंक’ (म्हणजे पुढचा भाग कापू नको) विसरू नये. प्रत्येक आयनोडची पडताळणी-बेरीज त्याच्याच आत असते आणि आयनोड जागच्या जागी गेले असल्याने ती जुळली. मग थरावर पुन्हा एफएससीके चालवले, या वेळी आधी ‘-एन’ लावून, म्हणजे काहीही न बदलता केवळ काय करणार ते विचारून. फोल्डरमधील नावे रविवारीच काढली गेली होती, म्हणून बाराही फाइली अनाथ ठरून ‘लॉस्ट+फाउंड’ या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये जाणार होत्या. एका फाइलच्या काही ब्लॉकवर रविवारच्या सिस्टीम-नोंदींनीही हक्क सांगितला होता. हा आमच्या पंचवीस मिनिटांचा दंड. मान्य करून ‘-वाय’ दिले आणि सहा मिनिटांत काम झाले.

‘लॉस्ट+फाउंड’मध्ये फाइलींना नावे नसतात, फक्त आयनोडचा क्रमांक असतो. फोटोंत नाव आणि क्रमांक दोन्ही असल्याने आठ फाइलींची ओळख लगेच पटली. राहिलेल्या चारांपैकी दोन तक्त्यांच्या रचनेच्या होत्या आणि त्यांत रकान्यांची नावे सरळ वाचता येत होती. उरलेल्या दोनमध्ये 34 व्या बाइटपासून पुढच्या चार बाइटांत तक्त्याच्या जागेचा क्रमांक असतो. तो सर्व्हरच्या त्रुटी-नोंदीतील ‘सापडत नाही’ या ओळींशी ताडून पाहिला. रात्री साडेअकराला बाराही फाइली आपापल्या नावाने जागेवर होत्या.

गुरुवार, 18 जुलै

माहितीचे संपूर्ण फोल्डर लॅपटॉपवरील आभासी डेबियन 11 मध्ये नेले. सर्व्हर ‘परवानगी नाही’ म्हणून अडून बसला आणि चाळीस मिनिटे मी फाइली बिघडल्या असे समजत राहिलो. कारण साधे होते: तेथे मायएसक्यूएल वापरकर्त्याचा क्रमांक वेगळा होता, मालकी बदलणे एवढेच काम होते.

त्यानंतर सर्व्हर सुरू होऊन पडू लागला. ‘इनोडीबी फोर्स रिकव्हरी’ ही बिघाड असूनही सर्व्हर सुरू करवणारी सेटिंग 1 वर ठेवल्यावर तो तग धरू लागला. हा आकडा 6 पर्यंत चढवता येतो, पण 4 आणि त्यापुढे माहिती कायमची बिघडू शकते, म्हणून पायरी पायरीनेच चढावे; सरळ 6 लावण्याचे सल्ले मिळतात ते ऐकू नयेत. एकेक तक्ता वेगळा उतरवून घेतला. फक्त कोणी काय केले याच्या नोंदींचा तक्ता, ज्यावर दुहेरी हक्क निघाला होता, मध्येच तुटला. त्याची रचना तेवढी घेतली. वाचक सभासद, पुस्तके आणि देवघेव हे तिन्ही पूर्ण उतरले.

शुक्रवार, 19 जुलै

480 जीबीचा एसएसडी आणला. जुन्या डिस्कची प्रत त्यावर जशीच्या तशी उतरवावी असे आधी मनात होते, पण प्रत 500 जीबीची आहे हे लक्षात आल्यावर तो विचार सोडला, आणि ते बरेच झाले. एकदा टाके घातलेली फाइलप्रणाली पुढे वापरण्यापेक्षा डेबियन आणि कोहा नव्याने बसवून त्यात माहिती भरणे सोपे गेले. शोधसूची ‘कोहा-रीबिल्ड-झेब्रा’ने पुन्हा बांधली.

शनिवार, 20 जुलै

आज पडताळणी. दाखल नोंदवहीतील शेवटचा क्रमांक आणि संगणकातील शेवटचा क्रमांक जुळला. देवघेव कशी ताडायची हा प्रश्न होता, तेव्हा ताईंनी कपाटातून एक दोनशे पानी वही काढली. संगणक आल्यावर हाताने लिहिण्याची गरज नाही असे मी 2021 मध्ये दोनदा सांगितले होते. त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही सांगितलेत ते खरे, पण मी वही बंद केली नव्हती.” एप्रिलपासूनची सर्व पाने आम्ही दोघांनी पाच तास बसून ताडली, त्या वाचत होत्या, मी पडद्यावर पाहत होतो. 13 जुलैला वहीत 41 नोंदी होत्या आणि संगणकात 38. राहिलेल्या तीन साडेपाचनंतरच्या, यंत्र बंद असताना केवळ वहीत लिहिलेल्या होत्या. त्या आज भरल्या. ‘लॉस्ट+फाउंड’ नुसते रिकामे दिसले म्हणून मी समाधान मानले असते; या तीन पुस्तकांचा पत्ता कोणत्याही आज्ञेने लागला नसता.

रविवार, 21 जुलै

यूपीएसमध्ये 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची नवी बॅटरी घातली. भार लावून मोजले तर अकरा मिनिटे मिळतात. या यूपीएसला संगणकाशी बोलणारी यूएसबी तार नाही, त्यामुळे तो आपोआप बंद होण्याची सोय करता येत नाही. तीन मिनिटांत वीज न आल्यास संगणक रीतसर बंद करावा, अशी चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवली आहे. बायोसमधील आपोआप सुरू होण्याची सोय काढली. ताईंना आता वाकावे लागेल.

अ‍ॅनाक्रॉन बसवला; यंत्र सुरू झाल्यावर काही मिनिटांत राहिलेला दैनिक बॅकअप होतो हे यंत्र बंद-चालू करून प्रत्यक्ष पाहिले. कोहा ठरल्याप्रमाणे दोनच दिवसांचे बॅकअप ठेवते आणि तेही त्याच डिस्कवर, म्हणून दर शनिवारी ते आलटून पालटून दोन पेन ड्राइव्हवर जातील.

सोमवार, 22 जुलै

ग्रंथालय वेळेवर उघडले आणि पहिल्या तासात 14 पुस्तकांची देवघेव झाली. खर्च: डॉक 1,450 रुपये, बाहेरची डिस्क 4,700, एसएसडी 3,100, बॅटरी 950, दोन पेन ड्राइव्ह 700, एकूण 10,900 रुपये. साडेनऊशेची बॅटरी दोन वर्षांपूर्वी घेतली असती तर बाकीच्यातले काय लागले असते, हा प्रश्न कार्यकारिणीने विचारला नाही आणि मीही काढला नाही. माझे तास धरले तर 39.

जुनी डिस्क ‘वापरू नये’ असे लिहून कपाटात ठेवली आहे. काढलेली प्रत दिवाळीपर्यंत पुसणार नाही. दुपारी बॅकअपचा एक पेन ड्राइव्ह घरी नेऊन आभासी यंत्रात बॅकअप उतरवून पाहिला. बारा मिनिटांत कोहा उघडला आणि वहीतल्या त्या तिन्ही नोंदी त्यात दिसल्या. मुखपृष्ठाचे स्कॅन मात्र अजून राहिले आहे.